पद्मिनीकाका

पद्मिनीकाकांना गाडी जोडता येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी ती सोडवून पाहिली आहे. जोडून पाहायची तेवढी राहिली आहे.

१९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये विटांवर उभी आहे. सीटा माळ्यावर आहेत, कार्बोरेटर बाल्कनीत आहे आणि नटबोल्ट काकूंच्या फराळाच्या डब्यांत. प्रत्येक डब्यावर काकांच्या सरकारी अक्षरात चिठ्ठी: 'डावे पुढचे दार, वरची बिजागरी, नट ४, वॉशर ४.' काकू चिठ्ठी वाचत नाहीत. डबा कानाशी धरून हलवतात आणि आत शेव आहे की वॉशर हे आवाजावरून सांगतात.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात भवानी पेठेतल्या एका गॅरेजमध्ये रुजू झाले. रुजू म्हणजे बघायला. सकाळी दहाला डबा घेऊन निघायचं, उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसायचं आणि मिस्त्रींचं काम बघायचं. बघून झालं की डायरीत लिहायचं. 'जो नीट बघतो त्याला अर्धं काम येतं,' असं ते म्हणतात. उरलेलं अर्धं कुणाला येतं, हे विचारायची आमची हिंमत नाही.

पहिले काही दिवस त्यांनी मिस्त्रींना गाडीचा इतिहास ऐकवला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली कंपनी काढली, कारखाना कुर्ल्याला, १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली, पुढे तिचीच प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मिस्त्री गाडीखाली झोपून 'हं, हं' करत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं आणि जरासा दाब दिला. टोक आरपार गेलं. ''इथं पाणी साचतं साहेब. पट्टी इथूनच जाते.'' काकांना गाडीचा इतिहास पाठ होता, मिस्त्रींना तिचा गंज. काकांनी त्या दिवशी इतिहास थांबवला आणि डायरी उघडली.

बघ्यालाही बढती असते. आधी उभं राहायची परवानगी मिळते, मग ऑइलचा डबा, मग एके दिवशी हातात बत्ती येते. काकांना बत्ती मिळाली तेव्हा त्यांनी घरी श्रीखंड आणलं होतं. पण बत्ती धरणं हे काही साधं काम नाही. गॅरेजमधला पोऱ्या, ज्याला अजून मिशी फुटायची आहे, त्यांच्यावर ओरडला, ''ओ काका, बत्ती पान्यावर मारा की! माझ्या डोक्यात काय बघताय?'' ज्या माणसासमोर हेडक्लार्क उभ्याउभ्या घाम पुसायचे, तो 'सॉरी हं' म्हणाला. नंतर त्यांच्या लक्षात आलं की उजेड हात आहे तिथे पाडायचा नसतो, हात जाणार आहे तिथे पाडायचा असतो. म्हणजे बत्तीवाल्याला पुढची पायरी आधी ठाऊक पाहिजे. हे मात्र त्यांना खरंच जमलं. आता मिस्त्री त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती बत्ती देत नाहीत.

काकांची अडचण एवढीच, की त्यांना सगळंच शिकण्यासारखं वाटतं. अडलेल्या बोल्टचंच घ्या. मिस्त्रींनी गंजलेल्या बोल्टवर डिझेल सोडलं, चहा पिऊन आले, बोल्ट आधी किंचित आवळला आणि मग उलटा फिरवला. बोल्ट मुकाट सुटला. आधी आवळल्याने गंजाची पकड मोडते, डिझेल आट्यांत उतरायला वेळ लागतो, हे सगळं बरोबर. काकांनी घरी तसंच केलं, फक्त डिझेल विसरले. चहा मात्र प्रत्येक बोल्टला घेतला. रात्री बारा वाजता टक्क जागे बसून ते काकूंना आट्यांची दिशा समजावून सांगत होते.

डेंटरचं काम बघताना तर त्यांना जेवणाची शुद्ध राहत नाही. ठोकून ठोकून पत्रा ताणला गेला की तिथे फुगा येतो. इकडून दाबला की तिकडे टुक्कन निघतो. नवशिका त्यावर आणखी हातोडी मारतो आणि फुगा वाढवतो. तिथले डेंटर चाचा हातोडी खाली ठेवतात. गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल करतात, मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, लावून त्याच्या कडेने चार हलके ठोके देतात आणि ओलं फडकं दाबतात. चर्र आवाज येतो आणि पत्रा आकसतो. फुगा गेला. चाचा मग बराच वेळ नुसते बघतात. त्यांच्या कामात ठोकणं थोडं आणि बघणं जास्त, हा काकांना आपल्या पंथाचा विजय वाटला.

त्यांनी तशीच हातोडी आणली. चाचांच्या हातोडीचा दांडा वर्षानुवर्षांच्या वापराने अंगठ्यापाशी झिजलेला आहे. काकांनी नव्या दांड्याला पॉलिश पेपर लावून तसाच खळगा पाडला. हातोडी अजून कशावर पडलेली नाही, पण बघणाऱ्याला ती तीस वर्षं वापरातली वाटते.

पेंटरकडून त्यांनी तळहात उचलला. लांबी, म्हणजे पत्र्यावर भरलेलं पुटीन, घासून झाली की पेंटर डोळे मिटतो, तळहाताखाली पातळ फडकं घेतो आणि पोराचा ताप बघावा तसा दारावरून हात फिरवतो. फडक्यामुळे हात अडखळत नाही आणि डोळ्याला न दिसलेला उंचवटा बोटांना कळतो. काकांनी ही विद्या सोसायटीतल्या गाड्यांवर सुरू केली. सकाळी सकाळी पिवळं फडकं घेऊन, डोळे मिटून, एकेका गाडीवरून संथ हात. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी गॅलरीतून सांगितलं, ''मागची काचही घ्या हं. आणि महिन्याचे किती?'' काकांनी मागची काच घेतली. 'तुमच्या उजव्या दारावर लांबी आहे, गाडी ठोकलेली विकली तुम्हाला,' हेही सांगितलं. बाईंचा विश्वास बसेना, तेव्हा खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून लावून दाखवलं. सगळीकडे चिकटलं, त्या जागी घसरलं. एका जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हेच चुंबक त्यांनी एका चकचकीत गाडीला लावलं होतं. त्या मेळाव्याचं आमंत्रण त्यांना पुन्हा आलेलं नाही.

एवढ्यावर तुम्ही त्यांना हसून सोडून द्याल, म्हणून पंपाची गोष्ट सांगतो. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात. मग टॅपेट कुठला, बेअरिंग कुठलं, हे वेगवेगळं ऐकू येतं. काकांनी ही तपासणी फ्रिज, मिक्सर, लिफ्ट अशी सगळीकडे केली. सोसायटीचा पाण्याचा पंप घरघरायला लागला, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, वाइंडिंग गेलंय, मोटर काढावी लागेल. काका स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसले. पुढचं टोक ऐकलं, मागचं ऐकलं, पुन्हा पुढचं ऐकलं आणि म्हणाले, ''मागचं बेअरिंग.'' मोटर उघडली. मागचं बेअरिंगच होतं, गोळ्या खडखडत होत्या. समितीच्या इतिवृत्तात आभाराचा ठराव आहे. तो लॅमिनेट करून काकांनी पद्मिनीच्या डॅशबोर्डवर ठेवला आहे.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा लोक हळहळत होते, टॅक्सीबरोबर फोटो काढत होते. काका दिवसभर फोनवर होते. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की तिची दारं कुठे जाणार.

मिस्त्रींना मी एकदा विचारलं, काकांची गाडी कधी उभी राहील? ते पाना पुसत म्हणाले, ''साहेबांची नजर तयार झाली. म्हणूनच हात चालत नाही त्यांचा. केलेलं काम त्यांना लगेच वाकडं दिसतं.'' माझ्या मते हे सर्टिफिकेट सोसायटीच्या ठरावापेक्षा मोठं आहे, पण ते लॅमिनेट होत नाही. बघून शिकणाऱ्या बहुतेकांची गत याच्या उलट असते: हात आधी सुटतो आणि नजर कधीच येत नाही. अशांच्या गाड्या रस्त्यावर धावतात, आणि त्यांच्यामुळेच भवानी पेठेतली गॅरेजं चालतात.

सध्या काम एका हँडलपाशी अडलंय. मागच्या डाव्या दाराची काच खालीवर करायचं हँडल. नाना पेठेत मिळतं ते नव्या घडणीचं आहे, काकांच्या तळहाताने ते नापास केलं. कुणाच्या अडगळीत मूळचं पडलं असेल तर जरूर कळवा, रोख पैसे मिळतील. फोन काकूच उचलतील. त्यांना फक्त सांगा की डबा रिकामा ठेवा.