गिनीकाका

शेअर बाजार गडगडल्याची बातमी ऐकून ज्याची भूक वाढते, तो गिनीकाका. सदाशिव पेठेत एक असतो, नौपाड्यात असतो, पार्ल्यात तर एकेका सोसायटीत दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. वय साठीच्या पलीकडे. नोकरी बहुधा सरकारी झालेली, कारण सरकारवर इतका अविश्वास आत बसून पाहिल्याखेरीज येत नाही. सकाळी पेपर आला की आधी सोन्याचा भाव बघायचा आणि मग त्या भावाला साजेसं युद्ध पहिल्या पानावर शोधायचं, असा त्याचा वाचनक्रम.

आमच्या इमारतीतले काका दागिन्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. दागिना म्हणजे सराफाला दिलेली देणगी, असं त्यांचं मत आहे. घेताना घडणावळ जाते, मोडताना घट जाते, आणि मधल्या काळात तो दागिना कुठल्या लग्नात कोणाच्या अंगावर होता यावरून दोन बहिणी बोलायच्या बंद होतात. "नाणं घ्यावं. नाण्याला फॅशन नाही आणि नणंदही नाही." त्यातही काकांचा जीव गिनीत. ७.९८ ग्रॅम, बावीस कॅरेट, एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून राक्षसी सरडा मारणारा संत जॉर्ज. त्यांच्या संग्रहातलं मानाचं पान म्हणजे १९१८ ची मुंबईची गिनी. पहिल्या महायुद्धात सोनं बोटीनं इकडे तिकडे हलवणं धोक्याचं झालं, म्हणून त्या एका वर्षी आपल्या फोर्टातल्या टांकसाळीतच गिन्या पाडल्या. ओळख म्हणून त्यावर इंग्रजी 'आय' हे अक्षर इतकं बारीक कोरलंय की ते बघण्यासाठी काका पाहुण्याच्या हाती भिंग देतात. नाणं देत नाहीत. नाणं त्यांच्याच चिमटीत असतं. तेव्हा ही गिनी पंधरा रुपयांची होती, हे ते दर वेळी सांगतात, आणि आजोबांनी तेव्हा गाडाभर घेतल्या नाहीत म्हणून दर वेळी आजोबांना बोल लावतात.

काकांशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. मी एकदा म्हटलं, "काका, सोनं एवढं भरवशाचं, तर १९६३ साली काय झालं? मोरारजींनी चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायचे नाहीत असा नियम काढला, सोनारांच्या भट्ट्या विझल्या. पुढे ६८ च्या कायद्यानं घरात सोन्याची वीट ठेवणं गुन्हा झाला. तो कायदा जायला १९९० उजाडलं. अमेरिकेत तर रूझवेल्टनं १९३३ मध्ये लोकांकडची सोन्याची नाणी सरकारजमा करून घेतली. म्हणजे खरं संकट आलं की पहिला डोळा सोन्यावरच!"

काका प्रसन्न झाले. "बघ! सरकारला कागद जप्त करावासा वाटला का कधी? माल खरा आहे म्हणून तर डोळा!"

मी दुसरा बाण काढला. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला साडेआठशे डॉलरवर गेलं आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं उतरत उतरत अडीचशेच्या आसपास आलं. काकांनी चष्मा पुसला. "ते डॉलरवाल्यांचं दुःख. त्याच काळात आपल्याकडे तोळ्याचा भाव दुपटीच्या वर गेला. कारण आपला रुपया सोन्यापेक्षा जोरात पडत होता." हे मात्र खरं आहे, आणि काकांचं खरं निघालं की संध्याकाळ वाया जाते. मग १९९१ येतं. परकीय चलन आटलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं विमानानं लंडनला पाठवून त्यावर कर्ज काढलं, हा प्रसंग काका अशा थाटात सांगतात की जणू विमानात तेच चढवून आले.

त्याच वर्षीच्या आखाती युद्धात ब्रिटिश कमांडोंना प्रत्येकी वीस गिन्या दिल्या होत्या, शत्रूच्या मुलखात अडकले तर वाटाड्याचं तोंड बंद करायला. हे वाचल्यापासून काका प्रवासाला बंडीच्या चोरखिशात एक गिनी शिवून घेतात. चारधामला गेले तेव्हा जोशीमठच्या अलीकडे दरड कोसळली. रस्ता बंद, मोबाइलला रेंज नाही, एटीएम कोरडं. काकांच्या आयुष्यात प्रथमच पुस्तकात शोभेल असं संकट उभं राहिलं. त्यांनी दातांनी शिवण तोडली आणि धाबेवाल्यापुढे पंचम जॉर्जला ठेवलं. धाबेवाल्यानं राजाचं तोंड उलटसुलट पाहिलं, नाणं परत दिलं आणि म्हणाला, "बाबूजी, छुट्टा नहीं है." शेवटी काकूंच्या बटव्यातल्या दहा-दहाच्या नोटांवर आणि डब्यातल्या मेथीच्या लाडवांवर दोन दिवस निघाले.

मध्यंतरी काकांनी बँकेतून वीस ग्रॅमचं नाणं घेतलं. सीलबंद पाकीट, शुद्धतेचं प्रमाणपत्र, बाजारापेक्षा चढा भाव. "बँकेचा शिक्का आहे, अरे!" मग कोणीतरी सांगितलं की बँक नाणं विकते, परत घेत नाही. विकायचं तर सराफाकडेच जायचं, आणि तो पाकीट फोडून पुन्हा तपासणार. काका चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "बरंच झालं. विकायचा मोहच नको."

इथेच खरी मेख आहे. काकांच्या दप्तरी 'खर्च' आणि 'संकट' ही दोन वेगळी खाती आहेत, आणि गेल्या चाळीस वर्षांत संकटाच्या खात्यावर एकही नोंद नाही. गच्ची गळली, तो खर्च. मुलाची फी, खर्च. नोटबंदीच्या रात्री अर्धं शहर सराफांच्या दारात उभं असताना काका फक्त बघून आले, म्हणाले, "ही तर गडबड आहे." काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला वाटलं, आता गिन्यांचा डबा उघडणार. काकूंनाही वाटलं. "गुडघे झिजणारच," काका म्हणाले, "त्याला संकट कसं म्हणायचं?" ऑपरेशन काकूंच्या म्युच्युअल फंडातून झालं. शाळेच्या पगारातून त्यांनी वर्षानुवर्षं भरलेला तो फंड होता, आणि काकांना तो ठाऊकच नव्हता.

काका हेलावले. गुरुपुष्याला जाऊन खास काकूंच्या नावानं एक गिनी आणली, हळदीकुंकू लावून हातात ठेवली. "ही तुझी." काकूंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, माझीच ना म्हणून. पुढच्या आठवड्यात त्या नव्या गुडघ्यांवर चालत सराफाकडे गेल्या, गिनी मोडली आणि केरळची दोन तिकिटं काढून आल्या. काकांना कळलं तेव्हा त्यांचा आवाज फुटेना.

"अगं, पण संकट कुठे आलं होतं?"

"तुम्ही रिटायर झालात तेव्हाच," काकू म्हणाल्या, आणि बॅग भरायला आत गेल्या.