वॉटरप्रूफ तालुका

पाण्याखालच्या चित्रीकरणाची सेकंडहँड पेटी घेतली की आपला कॅमकॉर्डर तीत धड बसेल तर शपथ! पेटी दुसऱ्याच मॉडेलची. मग तळपट्टी घासा, स्क्रूखाली रबराचा तुकडा सारा, बाहेरचा खटका रेकॉर्डच्या बटणावर नेमका आणा. शेवटी कडेची रबरी रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावा. रिंगखाली एक केस अडकला तरी कॅमेरा गेलाच. चाचणी मात्र सोपी: आत नुसता टिश्यू पेपर ठेवून पेटी बुडवायची, कागद कोरडा निघाला की पास.

शहापुरात मे महिन्यात ही चाचणी करायची तर आधी टँकर यायला हवा. तसा हा तालुका स्वतःच चाचणीत अव्वल. १८९२चे तानसा, मग मोडकसागर, भातसा. मुंबईची तहान भागवणारी धरणे उशाला आणि पाड्यांच्या घशाला कोरड! मुरबाडकडचे बारवीही पाजते ते कारखान्यांना नि शहरांना. भोवती एवढे पाणी असून आत थेंब येऊ न देणारी रिंग कोणत्या कंपनीची, हे पेटीवाल्यांनी मंत्रालयात जाऊन विचारावे. ग्रीस कोण लावतो, तेही कळेल.