फोडा आणि फोडणी द्या

अमेरिकेत एम.एस.ला निघालेल्या, आणि घरी असताना ‘वाढ ना’ यापलीकडे एकही पाककृती न येणाऱ्या मुलामुलींसाठी हा प्राथमिक अभ्यासक्रम. पात्रता: भूक. शुल्क: डब्यामागे साधारण डॉलर-दीड डॉलर.

पूर्वतयारी

एक पातेलं, एक तवा, एक कालथा आणि एक कॅन ओपनर. शेवटची वस्तू विसरू नका. पीटर डुरँडने इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं १८१० साली. डबा उघडायचं खास हत्यार यायला १८५०चं दशक उजाडलं. मधल्या काळात लोक छिन्नी-हातोडा घेऊन जेवायला बसत. तुमच्याकडे तेही नसणार.

घरून न्यायचं ते एवढंच: गोडा मसाला, मोहरी, हिंग, हळद. हिंग तीन पिशव्यांत बांधला तरी स्वेटरला वास लागणारच. लागू द्या. परक्या विमानतळावर मराठी माणूस तुम्हाला त्यावरूनच ओळखेल.

पाठ १: राजम्याची मिसळ

४२५ ग्रॅमचा राजम्याचा डबा फोडा. आतलं बुळबुळीत पाणी बघून दचकू नका. चाळणीत ओतून नळाखाली खळखळून धुवा. त्यातच डब्यातलं बरंचसं मीठ निघून जातं. तरीही स्वतःचं मीठ शेवटी आणि चाखूनच घाला. डबेवाल्याने आपलं आधीच घातलेलं असतं.

तेल तापवा, मोहरी टाका. मोहरी तडतडली की छतावरचं धुराचं यंत्र बोंबलू लागेल. याचा अर्थ फोडणी जमली. खिडकी उघडा, टॉवेल फिरवा. यंत्रावर पिशवी बांधा असं सीनियर सांगतील; ते ऐकू नका. मग हिंग, हळद, कांदा. कांदा गुलाबी झाला की डब्यातला टोमॅटो, चमचाभर गोडा मसाला, तिखट आणि गुळाऐवजी चिमूटभर ब्राउन शुगर. तेल सुटलं की राजमा आणि दोन वाट्या पाणी. राजमा शिजलेलाच असतो. दहा मिनिटं उकळलं की झालं. वर फरसाण म्हणून टॉर्टिया चिप्स चुरा. पावाच्या जागी बर्गरचा बन. पुणेकर आणि कोल्हापूरकर दोघांनाही हे पसंत पडणार नाही, म्हणजे मिसळ अस्सल आहे.

पाठ २: वेषांतर

मैद्याचा टॉर्टिया तव्यावर टाकून तूप लावलं की लांबून पोळी दिसतो. जवळून बघू नये. ‘क्रीम ऑफ व्हीट’ नावाचं जे खोकं गोरी मंडळी सकाळी दुधात शिजवतात तो रवाच. त्याचा उपमा होतो. राइस क्रिस्पीज म्हणजे इस्त्री केलेले कुरमुरे. भेळेला चालतात, मात्र चटणी पडल्यापासून दोन मिनिटांत संपवा. दाण्याचं कूट संपलं तर पीनट बटर घ्या, पण बरणीवर ‘दाणे आणि मीठ’ एवढंच लिहिलेलं. साखरवालं घेतलंत तर आमटीची खीर होते.

पाठ ३: सणवार

आम्रखंडासाठी चक्का टांगायची गरज नाही. ग्रीक योगर्टमधलं पाणी कारखान्यातच गाळलेलं असतं. त्यात पिठीसाखर आणि इंडियन स्टोअरमधल्या डब्यातला हापूसचा रस घोटा. गुलाबजामाला खवा शोधत फिरू नका. दोन वाट्या दूध पावडर, एक वाटी बिस्क्विक, मळायला क्रीम. बिस्क्विक हे पॅनकेक वगैरेंसाठीचं, १९३१ पासून विकलं जाणारं तयार पीठ. त्यात फुगवणारी पावडर असते, म्हणून गोळे सुपारीएवढे वळा आणि तेल मंद ठेवा. वरून सोडा घालायचा उत्साह दाखवलात तर पाकात गुलाबजाम नव्हे, टेनिसचे चेंडू तरंगतील.

पाठ ४: आईचा व्हिडिओ कॉल

हा सगळ्यांत अवघड पाठ. ‘अरे, डब्यातलं काय खातोस? हे काय आपलं खाणं आहे का?’ असा प्रश्न येईल. उलट बोलू नका. नम्रपणे विचारा, ‘आई, आज एकादशी ना? काय केलंस?’ साबुदाण्याची खिचडी, हे उत्तर ठरलेलं.

आता सावकाश मोजा. साबुदाणा कसाव्हाच्या कंदाचा. ते झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचं. दाणे तिथलेच. बटाटा तिथलाच. मिरचीही अमेरिका खंडातलीच. हे सगळं युरोपीय जहाजांतून आपल्याकडे पोचलं ते गेल्या पाचएकशे वर्षांत. म्हणजे घरातल्या सर्वांत सोवळ्या पातेल्यात तूप-जिरं सोडलं तर बहुतेक सगळी अमेरिकाच शिजते आहे. आणि त्या जिऱ्याच्या फोडणीनेच तिला उपासाला बसवलं. एवढी मोठी अमेरिका ज्या फोडणीने पचवली, तिला एक राजम्याचा डबा काय जड?

यानंतर आई थोडा वेळ गप्प राहील आणि ‘बरं, भाजी तरी खात जा’ म्हणेल. हे प्रमाणपत्र समजावं.

प्रात्यक्षिक परीक्षा

तेलुगू रूममेट तुमच्या मिसळीत चिंच मागेल, गुजराती साखर, मेक्सिकन शेजारी लिंबू पिळून मोकळा होईल. कुणाला अडवू नका. चव बहुधा सुधारेल. फक्त गोड्या मसाल्याचा डबा कपड्यांच्या कपाटात ठेवा, आणि भांडी चिंच घालणाऱ्याने घासायची हे आधीच ठरवून घ्या.