उपकरण-माहात्म्य

नवं घर झालं की आधी वस्तू घ्याव्यात आणि त्यांना काय काम द्यायचं ते मागाहून ठरवावं, हा नियम त्र्यंबकेश्वरात जितक्या निष्ठेने पाळला जातो तितका क्वचितच कुठे पाळला जात असेल. गरज पाहून खरेदी करणारी माणसं गावात अजून उरली आहेत, नाही असं नाही. पण त्यांच्या घरी वास्तुशांतीनंतर दुसऱ्यांदा कोणी जात नाही. तिथे बघण्यासारखं काय असतं? एक मिक्सर, एक कुकर, आणि तेही दोन्ही वापरातले.

नमुन्यादाखल एक पुरोहित कुटुंब घेऊ. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर गल्लीतली चार घरं आपलीच बदनामी झाली म्हणून भांडायला येतील. जुन्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, चिरंजीवांनी गावठाणाबाहेर घर बांधलं. खाली राहायला चार खोल्या आणि वर यजमानांसाठी दोन. नारायण नागबळीच्या विधीला येणारी मंडळी तीन दिवस राहतात, त्यांची सोय पाहावी लागते. शिवाय सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर. मुहूर्त काढायला घराबाहेर जावं लागत नाही, ही आमच्या गावची मोठी सोय. दाते पंचांग उघडून खरेदीचा दिवस ठरला आणि मंडळी 28 किलोमीटरवर नाशकाला निघाली.

आजींना सोबत नेलं नाही, हे योग्यच झालं. त्यांनी साठ वर्षं संसार केलेला असल्यामुळे वस्तू वापरण्याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे, आणि अशा माणसाचं मत निःपक्षपाती राहत नाही.

प्रथम एसी. नाशकात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे दोन हजारांच्या आसपास. गाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच, डोक्यावर ब्रह्मगिरी, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर ढग सरळ माजघरात. काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, पूजेच्या पाटाला बुरशी येते. अशा गावात एसी घ्यायला जी मनाची उंची लागते ती उष्ण प्रदेशातल्या लोकांकडे नसते. नागपूरचा माणूस एसी घेतो तो लाचारीने, उकडतं म्हणून. आमचा माणूस स्वेटर घालून दुकानात उभा राहतो आणि तरीही घेतो. याला म्हणतात निवड.

त्यातही खरेदी ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या सेलमध्ये. ऑगस्टात एसीवर सूट मिळते, कारण तेव्हा तो कोणालाच नको असतो. संकुचित बुद्धीचा माणूस या वाक्याचा उत्तरार्ध ऐकतो. संसारी माणूस पूर्वार्ध ऐकून पाकीट काढतो.

"खोली केवढी आहे, साहेब?" दुकानातल्या मुलाने विचारलं.

"दहा बाय दहा."

"मग दीड टन घेऊन टाका. नंतर हळहळ नको."

दीड टन हे यंत्राचं वजन नव्हे, हे चिरंजीवांना ठाऊक होतं. पण ते कशाचं माप आहे हे विचारणं बरं दिसलं नसतं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी खेचण्याची ताकद म्हणजे एक टन. म्हणजे आता वरच्या खोलीत दररोज दीड टन बर्फ वितळवण्याची सोय झाली आहे, आणि तीही बाहेर पावसाची झड लागलेली असताना. 2020 च्या जानेवारीपासून एसी सुरू होताना 24 अंशांवरच सुरू व्हावा असा नियम आहे. ऑगस्टातल्या रात्री आमच्याकडे बाहेरच त्याहून गार असतं. त्यामुळे यंत्र चालू केलं की आतला पंखा मंदपणे फिरत राहतो, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, आणि खोलीला बाहेरचं तपमान मिळतं. चिरंजीवांनी दुकानात तक्रार नोंदवली. दुकानदाराने सांगितलं, "यंत्र चांगलं आहे, तुमचं गाव बिघडलंय." हे मात्र कुठल्याच वॉरंटीत बसत नाही.

तारे पाचच घेतले. ऊर्जा दक्षता ब्युरोने 2006 साली ताऱ्यांची पद्धत सुरू केली, तेव्हापासून आमच्याकडे ग्रहांबरोबर ताऱ्यांचीही विचारपूस होते. एसीच्या लेबलावरचा वीजवापर वर्षाला 1600 तास धरून काढलेला असतो. म्हणजे अखंड चालवला तर सहासष्ट दिवस. पाच तारेवाल्यासाठी मोजलेले जादा पैसे वसूल व्हायचे ते याच तासांतून. आमच्या कुटुंबात एसी एप्रिल-मे मिळून पंधरा-वीस दुपारी आणि जावईबापू आल्यावर लागेल. या हिशेबाने जादा पैसे नातवाच्या मुंजीपर्यंत वसूल होतील, तोवर गॅस गळून गेलेला असेल. पण बचतीकडे असं पाहू नये. न चालणाऱ्या यंत्राइतकी वीज कोणतंच यंत्र वाचवत नाही, मग त्याला तारे कितीही असोत. बाहेरचं युनिट सध्या ब्रह्मगिरीवरून उतरणाऱ्या वानरांना बसायला उपयोगी पडतं. त्यांची काहीच तक्रार नाही.

आता फ्रिज. गोदरेजने 1958 साली भारतीय बनावटीचा पहिला फ्रिज काढला, त्यानंतर कितीतरी वर्षं मराठी घरांत फ्रिज बैठकीच्या खोलीत, भरतकामाचं आच्छादन पांघरून आणि कुलूप लावून उभा असे. मधल्या काळात तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याची प्रतिष्ठा गेली. ही परंपरा आमच्या कुटुंबाने पुनरुज्जीवित केली. दोन कपाटदारांचा, पुढून बर्फ पडणारा फ्रिज ठरला. त्याची रुंदी नव्वद सेंटिमीटर. स्वयंपाकघराचं दार अडीच फूट, म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास. हे दुकानात कोणालाही माहीत नव्हतं. दार मोजून खरेदीला जाणं म्हणजे आपल्या घराची योग्यता आधीच ठरवून टाकणं, आणि नव्या घराची योग्यता अशी कोणी ठरवतं का?

सेलमध्ये नोंदवलेला फ्रिज यायचा दिवस निघाला श्रावणातला तिसरा सोमवार. ज्यांना हा दिवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लाखोंनी माणूस येतं आणि गावात बाहेरची गाडी शिरू शकत नाही. टेम्पो गावाबाहेर अडला. चालक नाशकाकडचाच, भाविक. त्याने फ्रिज गाडीत ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो प्रदक्षिणेला गेला. यंत्रामुळे माणसाला पुण्य लागल्याचं हे उदाहरण कंपन्यांनी जाहिरातीत वापरायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिज उतरला, दारापाशी अडला, आणि बैठकीत सोफ्यासमोर कायमचा विराजमान झाला. आता दूध तापवायला सूनबाई बैठकीतून जातात आणि यजमान पूजेच्या दक्षिणेची बोलणी करत असताना त्यांच्या पाठीमागे अधूनमधून बर्फाचे खडे धडधडत पडतात. बोलणी लवकर आटोपतात, असं कळतं.

त्या बर्फाचं पुढे काय होतं, हे विचारू नये. आमच्या गावात आठ महिने लोक कोमट पाणी पितात.

गावाला ज्याची खरोखर गरज आहे असं एक यंत्र मात्र यादीत नव्हतं, आणि मला वाटतं, या कुटुंबाच्या दूरदृष्टीची खरी खूण तीच. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. खोलीत दोऱ्या बांधायच्या, पंखा लावायचा आणि तरी सोवळं दमटच नेसायचं. पूर्वी शेगडीवर डालं पालथं घालून त्यावर बाळाची दुपटी वाळवत. गरम हवेने कपडे वाळवणारं यंत्र बाजारात मिळतं. दुकानात विचारणा झालीसुद्धा. "वहिनी, या वॉशिंग मशिनला ड्रायर आहेच की!" असं उत्तर मिळालं. तो ड्रायर म्हणजे कपडे गरगर फिरवून पाणी झटकणारा. पाणी निथळतं, ओल राहते. तरी यंत्रावर ड्रायर हा शब्द छापलेला असल्याने प्रश्न तिथेच मिटला. धुण्याचे चौदा कार्यक्रम आहेत, त्यांपैकी घरात एकच लागतो. उरलेले तेरा, डेमो दाखवायला आलेल्या माणसाने दाखवले तेवढेच. त्याच्यासमोर सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्रावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. खोकी आणि थर्मोकोल माळ्यावर आहेत, उद्या घर बदललं तर असावेत म्हणून. हे कुटुंब पिढ्यान् पिढ्या त्र्यंबकातच आहे. यजमानांच्या कित्येक पिढ्यांच्या वंशावळींच्या वह्या त्यांनी वाळवीपासून वाचवल्या. महिन्याभरापूर्वीचं वॉरंटी कार्ड तेवढं सापडत नाही.

गिझर, चिमणी, मायक्रोवेव्ह यांच्यावर जास्त लिहीत नाही. चिमणी आवाज करते म्हणून फोडणीच्या वेळी बंद असते आणि पाहुणे आले की चालू. मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम होतो. आजींचा तांब्याचा बंब मात्र गिझर येताच मोडीत घातला. तो नाशिकच्या भांडीबाजारातला, चांगला जाड पत्र्याचा होता. वजनाने जे पैसे आले त्यात गिझर बसवणाऱ्याची मजुरी सुटली. हल्ली तसे बंब रिसॉर्टवाल्यांच्या दारात फुलं लावून ठेवलेले दिसतात. सूनबाईंनी एकदा त्यासमोर फोटोही काढून घेतला. वीज गेली की गिझर गार पडतो, आणि पहिल्या वादळी पावसात आमच्याकडे वीज जाते. पण सोवळ्यात थंड पाण्याची आंघोळ शास्त्राला मान्य आहे.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. गोदावरी इथे ब्रह्मगिरीवर उगम पावते. गावात तिच्यावर सिमेंटचा स्लॅब टाकून रस्ते केले. म्हणजे नदी आहे, पण ती अडगळीसारखी नीट झाकून ठेवलेली. मग तिच्या उगमाशी राहणाऱ्यांना भिंतीवर निळा दिवा लावून शुद्ध पाणी प्यावं लागणारच. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली सांगितलं की पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमहून कमी असतील तिथे आरओ वापरू नये. गाळणी किंवा पाणी उकळणं पुरतं. काळ्या दगडाच्या डोंगरावर पडलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार शोधायला कोणी गेलं नाही. विक्रेत्याने एका पेल्यात दोन तारा बुडवल्या, पाणी पिवळं-काळं झालं आणि सूनबाईंनी सही केली. त्या पेल्यात लोखंडाच्या तारेतूनच रंग उतरतो, हे सांगणारा शेजारी आगाऊ ठरतो, म्हणून मी गप्प राहिलो. यंत्र एक लिटर देतं आणि दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. ब्रह्मगिरीच्याच अंगावर, मेटघर किल्ल्याच्या पाड्यांवर, उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी विहिरीत उतरतात. दोन हजार मिलिमीटर पावसाच्या तालुक्यात विहिरीत उतरणारी बाई आणि मोरीत पाणी सोडणारी भिंत, दोघी एकाच पिन कोडाच्या आसपास नांदतात. याबाबत आमच्या कुटुंबाचा काहीच दोष नाही. मोरीचं पाणी पुन्हा गोदावरीलाच मिळतं.

पैशांची चिंता नव्हती, कारण हप्ते बिनव्याजी होते. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रक्रिया शुल्कात दडलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेने 2013 च्या सप्टेंबरात बँकांना बजावलं होतं. तेव्हापासून त्याला 'नो कॉस्ट' म्हणतात. नाव बदललं की नडणारा ग्रह सुटतो, हे आमच्या गावात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकंदर अठरा हप्ते. पहिला भरताना चिरंजीव म्हणाले, "अहो, सिंहस्थात सगळं वसूल होईल."

त्यांचं म्हणणं खरं आहे. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण आहे आणि मुख्य स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. गेल्या सिंहस्थात, 2015 साली, इथली शाही स्नानं 29 ऑगस्ट, 13 सप्टेंबर आणि 25 सप्टेंबरला झाली होती. म्हणजे ऐन पावसाळ्यात. वरची एक खोली वातानुकूलित असून तिचे दर वेगळे लावले जातील. इच्छुकांनी आत्ताच नोंदणी करावी. एसी रात्रभर चालू ठेवायला हरकत नाही. घोंगडी आणि कोरडे कपडे मात्र आपापले आणावेत.