श्रीयुत तीनशेवीस

लग्नाची पंगत बसली आहे, हॉलच्या कोपऱ्यात सनईचं रेकॉर्डिंग लागलं आहे आणि एक गृहस्थ हातात जिलबीची बशी घेऊन स्पीकरपाशी कान देऊन उभे आहेत, असं दिसलं की ओळखायचं, हेच ते. परत येताना ते वरबापाच्या कानाशी लागतात, "सनई चौसष्टची लावलीय हो! एवढा खर्च केलात, आणि नेमकं इथे…" शेजारी बसलेल्या विहीणबाईंना वाटतं, चौसष्ट रुपयांची.

एमपीथ्रीत एका सेकंदाच्या आवाजावर जास्तीत जास्त ३२० किलोबिट खर्चता येतात. त्याखालचं गाणं श्रीयुतांना गाणं वाटत नाही. तुम्ही कौतुकाने एखादं भावगीत लावा. गायिका कोण, चाल कुणाची, यातलं काही ते विचारणार नाहीत. "कितीची आहे?" एवढंच विचारतील. मग कागदी बशीच्या कडेवर गुणाकार सुरू होतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दुप्पट. झाले १४११ किलोबिट. "आणि तुमची फाईल १२८ ची. म्हणजे अकरावा हिस्सा. बाकीचे दहा गेले कुठे?" सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदारालाही ते याच सुरात हिशेब विचारतात.

ते दहा हिस्से कुणी खाल्लेले नसतात. ठणठणीत आवाजाच्या आसपासचा बारीक आवाज आपल्या कानाला जाणवतच नाही. एमपीथ्री नेमकी तिथे काटकसर करते. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेच्या मंडळींनी यावर वर्षानुवर्षं डोकं लावलं. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी तर सुझान वेगा या गायिकेचं, साथीला एकही वाद्य नसलेलं 'टॉम्स डायनर' हे गाणं पुन्हा पुन्हा ऐकून काटकसर कुठे उघडी पडते ते तपासलं. ही गोष्ट श्रीयुतांना तोंडपाठ आहे. त्यांनी ते गाणं मात्र पूर्ण ऐकलेलं नाही; त्यांच्याकडे आहे ती प्रत १६० ची निघाली.

त्यांच्या संगणकावर एक आलेख कायम उघडा असतो. १२८ च्या बहुतेक फायलींत १६ हजार हर्ट्झच्या आसपास वरचा भाग साफ कापलेला दिसतो. श्रीयुतांनी साठी ओलांडली आहे, आणि त्या वयात त्यावरचं बहुतेकांना ऐकूच येत नाही. हे भाच्याने धीर करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ऐकू येत नाही म्हणून काय झालं? दिसतंय ना!"

खरी गंमत त्यांच्या संग्रहात आहे. नव्वदनंतरच्या काळात रस्त्यावर एका सीडीत दीड-दीडशे गाणी मिळायची, ती सगळी १२८ ची. श्रीयुतांनी रात्री जागून ती एकूण एक ३२० ची करून घेतली आहेत. फायली अडीचपट फुगल्या, हार्डडिस्क भरली. ताकात पाणी घातलं की तांब्या भरतो, ताक वाढत नाही. इथे तर उलट, एकदा काटछाट झालेल्या आवाजावर पुन्हा काटछाट झाली. गेलेलं परत येत नाही, हे हिशेबाच्या माणसाला कळू नये! अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीचीही त्यांच्याकडे ३२० ची प्रत आहे. खरखरीला ना सूर ना ठेका, त्यामुळे ती आटोपशीर लिहिता येत नाही आणि बिट ढसाढसा पिते. तेव्हा त्या प्रतीत सुईची खरखर फार सुरेख जपली गेली आहे.

एका दिवाळीत भाच्याने परीक्षा घेतली. एकच भावगीत, एकदा १९२, एकदा ३२०. "मामा, आता सांगा, कुठली कुठली?" मामांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि छातीठोकपणे १९२ ला कौल दिला. घरात हशा पिकला. तेवढ्यावर थांबायचं, तर भाच्याने हुरूपाने एक अभंग ६४ वर लावला. पहिला टाळ पडला आणि मामा ताडकन उठले. "ऐका! टाळ वाजायच्या आधी सुस्कारा येतोय!"

आणि तो खरंच येत होता. एमपीथ्री आवाजाचे बारीक तुकडे करून लिहिते. टाळाचा ठोका तुकड्याच्या मध्यात पडला की लिहिण्यातली चूक तुकडाभर पसरते, म्हणजे ठोक्याच्या आधीही. उपाय आहे, तुकडे आणखी लहान करायचे. पण त्याला जास्त बिट लागतात, आणि ६४ च्या गाठोड्यात ते असतात कुठे! टाळ, झांज, तबल्याची चाट, गर्दीतल्या टाळ्या यांचे हाल अशा वेळी सगळ्यांत आधी होतात. श्रीयुत तिथे शंभर टक्के बरोबर होते. तेव्हापासून आल्या-गेल्याला ते तेवढेच तीन सेकंद ऐकवतात. "अहो, अभंग पुढे सरकेल का कधी?" असं मामी आतून विचारतात.

तुमच्या घरी जुनी सीडी असेल, आजीने गायलेल्या ओव्यांची कॅसेट असेल, तर बेलाशक यांच्या स्वाधीन करा. मूळ आवाज काटछाट न करता जपून ठेवतील, ऐकायला वेगळी प्रत काढून देतील, इतक्या निगुतीने दुसरं कुणी करणार नाही. फक्त मोबाईलवर फिरत आलेली फाईल त्यांच्या हाती देऊ नका. ती ३२० ची होऊन परत येईल.