मामा विमानानं येताहेत

नागपूरच्या धंतोलीत कुणाला चक्कर आली तर खाली पडायच्या आत चार डॉक्टर झेलतात, अशी आमच्या भागाची ख्याती. आमचे नानाकाका त्यांच्यातलेच एक. इतर डॉक्टरांच्या टेबलावर औषध कंपन्यांनी दिलेले पेपरवेट असत, काकांच्या टेबलावर विमानाचा जुना स्पार्क प्लग असे. घसा दाखवायला आलेला पेशंट ‘आ’ करून बसला की काका विमानांवर बोलायला सुरुवात करत. त्या अवस्थेत पेशंटला विषय बदलता येत नसे.

हा आजार त्यांना १९४९ साली जडला. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते आणि त्या वर्षी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास इथून रात्री एकेक डाकोटा निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही आमच्या सोनेगाव विमानतळावर जमत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, वैमानिक दोन घास खात आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. उन्हाळ्यात अख्खी धंतोली गच्चीवर गाद्या टाकून झोपे. काका तेव्हा शाळेत होते. ‘मुंबईची आली, मद्रासची लेट आहे,’ ही बातमी ते झोपलेल्या घराला उठवून देत. आजोबांनी मुकाट्यानं त्यांना डॉक्टर केलं. त्यांनी तितक्याच मुकाट्यानं पुढे वैमानिकाचं लायसन्सही काढलं.

ते लायसन्स बरीच वर्षं गावाभोवती घिरट्या घालण्यापुरतंच वापरात होतं. मग १५ ऑक्टोबर १९८२ ला जेआरडी टाटांनी घोटाळा केला. १९३२ साली याच तारखेला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं होतं, छोट्याशा पस मॉथ विमानातून. पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ नावाच्या तशाच जुन्या विमानातून त्यांनी तो प्रवास पुन्हा केला. काकांनी पेपर खाली ठेवला आणि काकूंकडे नुसतं बघितलं. काकूंनी ओळखलं.

पुढच्या एप्रिलात जळगावला भाच्याची मुंज होती. सोडमुंजही त्याच दिवशी उरकायची होती. म्हणजे मामा हवाच. काशीला निघालेल्या बटूला अडवणार कोण? सगळं घर आदल्या रात्रीच्या गाडीनं जाणार होतं. काकांनी जाहीर केलं की मामा विमानानं येतील. सोबतीला, म्हणजे नकाशा धरायला, मी.

विमान होतं पुष्पक. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं बंगलोरला बनवलेलं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, नव्वद अश्वशक्तीचं आणि वरून कापड ताणून बसवलेलं. रामायणातल्या पुष्पकात वानरसेना मावली तरी जागा उरली होती. यात शेजारी शेजारी दोन माणसं बसत, तीही श्वास वाटून घेत.

“कापडाचं?” काकूंनी विचारलं. “सुती की टेरिकॉट?”

“टाटांचं पस मॉथही कापडीच होतं,” काका म्हणाले.

“त्यांचं ठीक आहे. १८७७ पासून त्यांची एम्प्रेस मिल आहे इथं. फाटलं तर घरचं कापड.”

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी मला दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं, मग बॅगेसकट, मग काकूंनी दिलेल्या सांबारवडीच्या डब्यासकट. शेवटी माझी बॅग काकूंबरोबर रेल्वेनं जावी आणि डबा विमानात असावा, असा निर्णय झाला. रात्री काका मला नकाशावर पेन्सिलीनं रेघ मारून वाट समजावत होते. आमच्या भागात हे काम फार पूर्वी झालेलं आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपला रामटेक, हे वा. वि. मिराशींनी सांगून ठेवलंय. तेव्हा देशातला पहिला फ्लाइट प्लॅन नागपूर जिल्ह्यातच तयार झाला. वाटेत कोणते डोंगर, विसावा कुठे, हलका झालास तर पाणी कुठल्या नदीचं प्यायचं, सगळं यक्षानं मेघाला सांगितलंय. शिवाय उज्जैनला वाकडी वाट करून जा, हा आग्रहही. मेघाला वारा मात्र पाठीमागून होता.

आम्हाला समोरून होता. एप्रिलात विदर्भात पश्चिमेकडून जे सुटतं त्याला हवा म्हणणं हा उपचार आहे. पुष्पकाचा वेग ताशी एकशेतीस किलोमीटर. त्यातून वाऱ्यानं चाळीस कापून घेतले. खाली रूळ होते आणि आमची सगळी दिशाविद्या त्या रुळांवर होती. वर्धा नदीचा पूल, धामणगाव, चांदूर अशी स्टेशनं मी ओळखत होतो आणि काका नकाशावर फुल्या मारत होते. बडनेऱ्याच्या अलीकडे मागून गीतांजली एक्सप्रेस आली. काही वेळ आमच्या खालून चालली आणि मग पुढे निघून गेली. शेवटच्या डब्याच्या दारात बसलेल्या एका माणसानं आम्हाला हात केला. मी केला नाही.

“विमानाला थांबे नसतात,” काका इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाले. “अकोल्याला गाठू तिला.”

आम्हालाच पेट्रोलसाठी अकोल्याला उतरायचं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मूर्तिजापूर कुणीही ओळखावं. मोठ्या रुळांना दोन्ही बाजूंनी शकुंतला रेल्वेचे चिमुकले रूळ येऊन मिळतात. डावीकडे यवतमाळ, उजवीकडे अचलपूर. तिचं इंजिन धुरासकट उभं होतं. या टापूत तेवढं एकच वाहन आमच्याहून सावकाश चालत होतं, त्यामुळे मला तिच्याबद्दल फार आपलेपणा वाटला. तोवर ऊन वर चढलं होतं आणि नांगरलेल्या काळ्या रानावरून गरम हवेचे लोट उठत होते. विमान घटकेत पन्नास फूट वर, घटकेत साठ फूट खाली. सांबारवडी मी घरून निघतानाच खाल्ली होती, याचा मला पश्चात्ताप झाला.

अकोल्याची शिवणीची धावपट्टी १९४३ सालची. त्या दिवशी तिच्यावर गाई बसल्या होत्या. काकांनी एकदा खालून विमान नेऊन त्यांना उठवलं, दुसऱ्यांदा नेऊन पटवलं आणि तिसऱ्यांदा उतरले. काकांच्या एका पेशंटची जीप पेट्रोलचे डबे घेऊन हजर होती. १९३२ साली अहमदाबादला टाटांचं पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं, तेव्हा आम्ही प्रगतीच केली होती. काका नरसाळ्यावर चामड्याचा तुकडा धरून पेट्रोल गाळायला लागले आणि बघता बघता भोवती गाव जमलं.

“डॉक्टरसाहेब, दूध गाळून राहिले का?”

“ॲव्हरेज काय देते हे?”

काकांनी सगळ्यांना तपशीलवार उत्तरं दिली. मुंजीचा मुहूर्त त्यांच्या ध्यानात होता, पण एवढे श्रोते, तेही तोंड मिटलेले, त्यांना प्रथमच मिळाले होते.

खरी अडचण पुढे होती. पुष्पकाचं इंजिन सुरू करायला समोरचा पंखा हातानं फिरवावा लागे. नागपुरात क्लबचा मेकॅनिक होता. इथं काका बाहेर पंख्यापाशी आणि आत ब्रेक दाबून मी. चाकांपुढे दगड लावले. “बाकी कश्शाला हात लावू नको,” काका ओरडले, “पायाखेरीज काही हलवू नको, आणि पायही हलवू नको!” पंखा फिरला, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा तेच. गर्दीतून एक पैलवान पुढे आला. “धक्का द्यायचा का, साहेब? आमची मेटॅडोर तशीच सुरू होते.” या सूचनेचा इंजिनाला अपमान वाटला असावा. पुढच्या झटक्याला ते धडाडून सुरू झालं.

शेगाव आलं तेव्हा काकांनी खाली मंदिराकडे बघून भक्तिभावानं हात जोडले. दोन्ही. त्या तेवढ्या वेळात गजानन महाराजांचं नाव मी जास्त मनापासून घेतलं. मग मलकापूर, भुसावळ, रुळांचं ते जाळं आणि शेवटी उन्हात एकदम हिरव्यागार केळीच्या बागा. जळगावच्या धावपट्टीवर उतरून, रिक्षा शोधून आम्ही कार्यालयात पोचलो तेव्हा पंगती चालू होत्या. रात्रीच्या गाडीनं आलेली मंडळी अंघोळ करून, जेवून, लोडाला टेकून विडा चघळत होती. मामाची भूमिका लांबच्या एका चुलतमामानं वठवायची ठरली होती.

काकांनी ते होऊ दिलं नाही. हातपाय न धुता ते तसेच दारात जाऊन उभे राहिले. भाचा छत्री, काठी, पंचा घेऊन काशीला निघाला. मामानं विचारायचं, कुठे निघालास? त्यानं सांगायचं, काशीला. मग मामानं मुलीचं आमिष दाखवून त्याला परत आणायचं. पोरगं चुणचुणीत. म्हणालं, “काशीला. पण विमानानं.”

भटजी पुढचं वाक्य काकांना सुचवत होते. काकांनी खिशातून नकाशा काढला, तिथंच उंबऱ्यावर उलगडला आणि गुडघे टेकून बसत म्हणाले, “हे बघ, नागपूरहून आधी जबलपूर. तिथं पेट्रोल.”