दोरीकाका

पडद्यावर माणूस जमिनीपासून वीतभर वर गेला की आमचे काका दिवाणावरून ओरडतात, "दोरी! दोरी दिसली!" दुसरा लाडका शब्द ‘डुप्लिकेट’. असा एक इसम घरोघरी असतो आणि रिमोट त्याच्याच मांडीखाली असतो.

त्यांची खरी गाठ पडली मिशेल यो या नटीशी. 1992 च्या ‘पोलीस स्टोरी 3’मध्ये ही बाई मोटरसायकलसकट धावत्या आगगाडीच्या टपावर उतरते. "विग लावलेला बाप्या आहे तो," काका म्हणाले. मोटरसायकल ती त्या सिनेमासाठीच शिकली, असं सांगितल्यावर, "मग तर नक्कीच!" पण हा सिनेमा जॅकी चॅनचा, आणि त्याच्या सिनेमांत शेवटी फसलेले शॉट दाखवतात. त्यात बाई गाडीवरून घरंगळून रस्त्यावर आपटते, चेहऱ्यासकट. काकांनी चष्मा पुसला. "पडली ती खरी असेल. उडी डुप्लिकेटची."

मलेशियातल्या इपोहची ही मुलगी लंडनला बॅले शिकायला गेली, पाठ दुखावली, नाच सुटला. मग हाँगकाँगला येऊन 1985 च्या ‘येस, मॅडम’मध्ये तोच बॅलेचा पाय तिने गुंडांच्या जबड्यावर वापरला. 1988 मध्ये लग्न करून सिनेमा सोडला. संसार मोडल्यावर परतली ती थेट त्या टपावर. "लग्नाला डुप्लिकेट मिळत असता तर मीही घेतला असता," काकू आतून म्हणाल्या.

1996 च्या ‘स्टंट वुमन’मध्ये तर स्टंटबाईचंच काम होतं. पुलावरून मारलेली उडी चुकली आणि ती जायबंदी झाली. डुप्लिकेटचं काम, तेही डुप्लिकेटशिवाय! काका दोन दिवस गप्प होते.

‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने त्यांना न्याय दिला. तिथे दोऱ्या खरंच होत्या, नंतर कॉम्प्युटरवर पुसलेल्या. काकांनी पेढे मागवायचेच बाकी ठेवले. मी हळूच सांगितलं, त्याच शूटिंगमध्ये तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, ऑपरेशन झालं, आणि पुन्हा येऊन तिने काम पुरं केलं.

"कोणता गुडघा?" काकांनी आपला डावा चोळत विचारलं. त्या दिवसापासून दोरीचा विषय बंद.

2023 मध्ये, साठाव्या वर्षी, तिला ऑस्कर मिळालं. मंचाकडे निघालेल्या तिला काका डोळ्यांत तेल घालून पाहत होते.

"चढताना काही नसतं रे," ते पुटपुटले, "उतरताना कळ येते."